एक संगीत, अनेक दालनें

एकच गाणें घराच्या चार दालनांत एकाच क्षणीं वाजावें, आणि वाटेल तेव्हां एका दालनापुरतें थांबावें, ही सोय आज पुष्कळ घरांतून आढळते. ती अगदीं अलीकडची असा सामान्य समज आहे. वस्तुतः तारेवाटे संगीत अनेक दालनांत नेण्याची खटपट विजेचे दिवे घरांत येऊं लागले त्याच सुमारास सुरू झाली. तिच्या इतिहासांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो: काय वाजावें व केव्हां थांबावें हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा? ऐकणाराचा, कीं तारेच्या दुसऱ्या टोकास बसलेल्याचा?

१८८१ सालीं पॅरिस येथें विजेचें मोठें प्रदर्शन भरलें. क्लेमां आदेर या अभियंत्यानें तेथील ऑपेरागृहाच्या रंगमंचावर ध्वनिग्राहक मांडून ते तारांनीं प्रदर्शनाच्या दालनांशीं जोडले. श्रोत्यानें दोन्ही कानांस दोन स्वतंत्र कर्णयंत्रें लावावयाचीं. त्यांतील ध्वनि रंगमंचाच्या निरनिराळ्या बाजूंकडून येत असल्यामुळें गायक इकडून तिकडे गेल्याचा भास होई. बारा वर्षांनीं, १८९३ च्या फेब्रुवारींत, तिवादार पुश्काश यानें बुडापेस्ट शहरीं 'टेलिफोन हिरमोंडो' ही संस्था काढली. महिन्याभरांतच तो वारला. पण काम थांबलें नाहीं. वर्गणीदाराच्या घरीं दिवसा बातम्या व बाजारभाव, सायंकाळीं ऑपेरा असा क्रम ठरलेला असे. आवाज वाढविणारें यंत्र तेव्हां नव्हतें. त्यामुळें बातम्या वाचणारा खणखणीत गळ्याचा लागे, आणि तोही दमे, म्हणून वाचक पाळीपाळीनें बसत. महत्त्वाची वार्ता असली म्हणजे तारेवरून एक घरघर ऐकूं येई. तेवढी मात्र खोलीभर पोहोंचे, आणि मंडळी हातांतलें काम टाकून यंत्राकडे धांवत!

अमेरिकेंत थॅडियस केहिल यानें तर वाद्यच विजेचें केलें. १९०६ सालीं न्यूयॉर्कमध्यें त्याचें 'टेलहार्मोनियम' वाजूं लागलें. त्याचें वजन सुमारें दोनशें टन. वर्धकाशिवाय तारेवाटे दूर जाऊन कर्ण्यांतून ऐकूं येईल इतका जोरकस प्रवाह तें निर्माण करी. परंतु हेंच संगीत शेजारच्या दूरध्वनीच्या तारांत शिरून लोकांच्या संभाषणांत घुसूं लागलें. व्यापाराच्या गोष्टी चालल्या असतां मध्येंच सूर उमटावेत, हें कोण खपवून घेणार? धंदा लवकरच बसला.

ऐकणाराच्या हातीं कांहीं न ठेवण्याची कमाल रशियांत झाली. १९२५ च्या सुमारापासून तेथें शहरांतील घरें तारेनें जोडण्यांत येऊं लागलीं, व भिंतीवर काळ्या कागदी शंकूचा ध्वनिक्षेपक लागला. कार्यक्रम एकच, ऐकणारानें फार तर आवाज कमी करावा. १९४१ मध्यें युद्ध पेटतांच लोकांकडून बिनतारी यंत्रेंही जमा करून घेतलीं, म्हणजे दुसरा आवाज उरलाच नाहीं. अशी ही व्यवस्था मनास रुचणारी नाहीं. तरी त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत लेनिनग्राडला वेढा पडला, तेव्हां उपाशी, गारठलेल्या खोल्यांतून हा शंकूच काय तो बाहेरच्या जगाचा सोबती होता. कार्यक्रम नसे तेव्हां त्यांतून लयमापकाचे ठोके ऐकूं येत. ते संथ असले म्हणजे शांतता, जलद झाले म्हणजे विमानांचा हल्ला. ठोके चालू आहेत तोंवर शहर जिवंत आहे, असें त्या लोकांनीं मानिलें. १९४२ च्या ९ ऑगस्टला शोस्ताकोविच याची सातवी सिंफनी तेथें वाजविली गेली, ती अशाच ध्वनिक्षेपकांवरून शहरानें ऐकली.

खाजगी घरांत एका वर्धकास अनेक ध्वनिक्षेपक जोडण्याची रीत पुढें आली. तींत एक खोच आहे. आठ ओहम रोधाचे चार ध्वनिक्षेपक समांतर जोडले तर एकूण रोध दोनच ओहम उरतो, आणि वर्धक तापतो. रेल्वे स्टेशनांसारख्या ठिकाणीं म्हणून तारेंतील दाब शंभर व्होल्टपर्यंत चढवून प्रत्येक ध्वनिक्षेपकापाशीं रोहित्रानें उतरवितात. या सर्व रीतींत एक गोष्ट आपोआप साधे: तार एक, म्हणून सूरही त्याच क्षणीं सर्वत्र. निवड मात्र कोणासही नाहीं.

२००५ सालीं सोनॉस या अमेरिकन कंपनीनें आपल्या बिनतारी पेट्या बाजारांत आणल्या, आणि त्यांसारख्या इतरांच्याही आल्या. आतां गणित उलटलें. प्रत्येक दालनांतील पेटी स्वतंत्र. माजघरांत अभंग व दिवाणखान्यांत सतार सहज लागते. अवघड झालें तें एकच गाणें सर्वत्र एकाच क्षणीं वाजविणें! कारण प्रत्येक पेटींत स्वतःचें स्फटिकाचें घड्याळ असतें, आणि दोन घड्याळें तंतोतंत सारखीं कधींच चालत नाहींत. दहा लक्षांत वीस एवढाच फरक असला, तरी तासाभरांत तो ७२ सहस्रांश सेकंद होतो. चाळीस-पन्नास सहस्रांशांपलीकडे अंतर पडलें कीं कान त्यास प्रतिध्वनि समजतो, व दोन दालनांच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसास गायक स्वतःचीच नक्कल करीत असल्यासारखा वाटतो. म्हणून या पेट्या परस्परांस सतत वेळ विचारीत असतात, आणि मागें पडणारी पेटी आपली चाल किंचित् वाढविते. शिवाय ध्वनीसही दहा मीटर जावयास सुमारें २९ सहस्रांश लागतातच. लांबलचक वाड्यांत याचाही हिशेब धरावा.

पहिला प्रश्न मात्र पुरता मिटलेला नाहीं. अशा अनेक पेट्या इंटरनेटनें आपल्या कारखान्याशीं जोडलेल्या असतात, व कारखाना दुरूनही त्यांत फेरबदल करूं शकतो. विकत घेण्यापूर्वीं, ती जोडणी तुटली तर आपल्याजवळचें गाणें वाजेल कीं नाहीं, एवढें विचारून ठेवावें. आणि नवें घर बांधणारांनीं गिलाव्यापूर्वींच प्रत्येक दालनापर्यंत नळी टाकून तार ओढून घ्यावी. काँक्रीटच्या भिंतींतील लोखंडी सळ्या बिनतारी लहरींस बराच अटकाव करतात. देवघरांत पेटी हवी कीं नको, हें घरांतल्या वडीलधाऱ्यांना विचारावें.