कुंपणाबाहेरून

मी मॅट्रिक. शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. नागपूरच्या कॉलेजांविषयीचे माझे ज्ञान कुंपणाबाहेरचेच. पण बाहेर उभ्या असलेल्यालाही आत जाणारे आणि परत येणारे दिसतातच.

१८८५ साली येथे मॉरिस कॉलेज निघाले, १९२३ साली विद्यापीठ झाले. त्या काळी एम.ए. झालेला माणूस अध्यापक होई. संशोधन ही नोकरीची पायरी नसे, नोकरीने दिलेल्या स्वस्थतेचे ते फळ असे. वा. वि. मिराशींनी संस्कृत शिकवता शिकवता ताम्रपट वाचले. त्यांचा वाकाटकांच्या कोरीव लेखांचा ग्रंथ १९६३ साली, त्यांच्या सत्तरीत, निघाला. वि. भि. कोलते महानुभावांच्या पोथ्यांत रमले आणि १९६६ साली ह्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. (सांकेतिक लिपीतल्या पोथ्या सोडवीत बसणे हे महिन्याचा पगार ठरलेल्या माणसाचेच काम, असे मला राहून राहून वाटते.)

पुढे क्रम उलटला. आधी प्रबंध, मग नोकरी. तीही मिळाली तर. १९८९ पासून नेट, १९९५ पासून महाराष्ट्रात सेट. २०१८ च्या नियमांनी विद्यापीठ विभागांतील नेमणुकीला पीएच.डी. सक्तीची ठरविली आणि ती अट अमलात येण्यापूर्वीच, २०२३ साली, ऐच्छिक करून टाकली. इकडे २०१७ साली राज्य सरकारने भरतीच थांबविली, ती पुढल्या वर्षी थोडीशी उघडली. रिकाम्या जागांवर 'तासिका तत्त्वा'वरचे अध्यापक आले. शिकवला त्या तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत.

माझ्या हाताखालून गेलेल्या एका मुलाला मीच म्हणालो होतो, "कोलत्यांसारखा हो." त्याने ते ऐकले. महानुभाव वाङ्मयावर प्रबंध लिहिला, डॉक्टर झाला, आणि आज दोन कॉलेजांत तासिकांवर शिकवतो. गेल्या दिवाळीत घरी आला. मी सहज विचारले, "सुट्टी लागली ना?"

"लागली, सर," तो म्हणाला आणि हसला. ते हसणे मला उशिरा कळले.

मग हळूच म्हणाला, "तुमच्या शाळेत मराठीची जागा निघेल का?"

"बी.एड. केलंस?"

"नाही. आता करतो."

चौतिसाव्या वर्षी! मॅट्रिक झालेल्या माझा पगार पहिल्या तारखेला जमा होतो, ही गोष्ट त्या क्षणी मला त्याच्यापासून लपवाविशी वाटली. फीला म्हणून काही पैसे पुढे केले, ते त्याने घेतले नाहीत. चकल्या मात्र बांधून नेल्या.