लोणारचा खार

अबुल फजल यानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐन-इ-अकबरी’ सिद्ध केली. तींत वऱ्हाडचें वर्णन करतांना मेहकर भागांतील लोणारचा उल्लेख आला आहे. कांच व साबण करण्यास लागणारीं द्रव्यें तेथें सांपडतात व त्यांपासून सरकारास चांगलें उत्पन्न होतें, असें तो सांगतो. भाविकांस लोणार ठाऊक तें लवणासुराच्या कथेमुळें व दैत्यसूदनाच्या देवळामुळें. बादशाही ग्रंथकाराच्या दृष्टीस भरला तो तेथील खार. साबणाच्या या नोंदींतच लोणारच्या जीवसृष्टीचें कोडें दडलेलें आहे.

हा खार आला कोठून? बुलढाणा जिल्ह्यांतील हें विवर ज्वालामुखीचें, अशी पुष्कळ काळ समजूत होती. पण १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तें उल्कापातानें पडलें, हें मत दृढ केलें. सुमारें पावणेदोन किलोमीटर रुंदीच्या या खळग्यांत धारेचें व इतर झऱ्यांचें गोडें पाणी उतरतें, परंतु बाहेर पडावयास त्यास वाट नाहीं. काळ्या कातळांतून विरघळलेले क्षार घेऊन तें येतें, उन्हानें उडून जातें आणि क्षार मागें ठेवतें. त्यांतील चुना तळाशीं बसतो. सोडा व मीठ मात्र पाण्यांतच सांठत जातात. उन्हाळ्यांत कांठावर जमणाऱ्या या खाराचे दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की असे प्रकार पूर्वीं निवडले जात.

आतां साबणाकडे वळूं. पाण्याच्या अणुसमूहांत प्राणवायूचें टोक किंचित् ऋण व हायड्रोजनचीं टोकें किंचित् धन असतात. म्हणून मीठ त्यांत सहज विरघळतें, चरबी मात्र वेगळी राहते. सजीव पेशीचें पातळ आवरण या वेगळेपणावरच उभें असतें. चरबीचीं आम्लें ग्लिसरीनशीं ज्या बंधानें जोडलेलीं असतात, तो एस्टर बंध तीव्र खारांत उकळल्यास तुटतो, आणि साबण होतो. आपल्या पेशींच्या आवरणांतही हाच बंध आहे. मग साबणाच्या या कच्च्या मालांत जीव राहतात कसे?

उत्तरें दोन आहेत. तेथील पुष्कळ नील-हरित सूक्ष्म जीव खार बाहेरच अडवून पेशीचें अंतरंग सौम्य राखतात. दुसरा वर्ग मीठप्रिय आर्कियांचा. त्यांच्या आवरणांत एस्टरच्या जागीं ईथर बंध असतो, आणि तो खारास दाद देत नाहीं. शिवाय त्यांच्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर आम्लगट दाटीनें असल्यामुळें तीव्र मिठांतही तीं आपल्याभोंवतीं पाण्याचें वेष्टन धरून ठेवतात. जून २०२० मध्यें सरोवर एकाएकीं गुलाबी झालें, तेव्हां नानाविध तर्क निघाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें नमुने तपासून तो रंग याच जीवांचा असल्याचें दाखविलें. पाणी आटून मीठ वाढलें कीं त्यांचें फावतें. पाऊस पडून पाणी पातळ झालें कीं तो रंग ओसरतो.

त्याच वर्षीं लोणारची रामसर यादींत गणना झाली. पण यादीनें रक्षण होतेंच असें नव्हे. आपण सांडपाण्यास भितों, आणि तें योग्यच आहे. गोड्या पाण्यास भिण्याची मात्र आपणांस संवय नाहीं. मिठावांचून ज्यांचें आवरण फुटतें व प्रथिनें विसकटतात, त्या जीवांना गोडें पाणी हेंच विष होय. भोंवतालच्या पाण्याचा ओघ अतोनात वाढला, तर सरोवर भरलेलें दिसेल, सुंदरही दिसेल. परंतु अबुल फजलानें नोंदविलेलें लोणार तें उरणार नाहीं. जलाशय भरला म्हणजे सर्व कांहीं ठीक, ही आपली शेतकरी समजूत विहिरीस लागू आहे. लोणारच्या बाबतींत पाणी किती आहे याबरोबरच त्यांत खार किती उरला आहे, हेंही आपण विचारावयास शिकलें पाहिजे.