लिथियम

लिथियम हे एक धातुरूप मूलद्रव्य असून त्याचा अणुक्रमांक ३ आहे. आवर्त सारणीच्या पहिल्या गणातील अल्क धातूंमध्ये त्याचा समावेश होतो. सर्व धातूंमध्ये तो सर्वांत हलका आहे. अल्प वजन आणि इलेक्ट्रॉन सहज देण्याची प्रवृत्ती या दोन गुणांमुळे आधुनिक विद्युत घटांत त्याला महत्त्वाचे स्थान मिळाले. मात्र याच क्रियाशीलतेमुळे त्याचा वापर जपून करावा लागतो.

शोध व नाव

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ योहान आर्फव्हेडसन यांना १८१७ साली पेटलाइट या खनिजाचे विश्लेषण करताना या मूलद्रव्याचा शोध लागला. ते खनिजात आढळल्यामुळे ‘दगड’ या अर्थाच्या ‘लिथॉस’ या ग्रीक शब्दावरून त्याला लिथियम हे नाव मिळाले.

गुणधर्म

लिथियम चंदेरी रंगाचा व चाकूने कापता येण्याइतका मऊ धातू आहे. त्याचा अणुभार सुमारे ६.९४, तर वितळबिंदू सुमारे १८०.५ अंश सेल्सियस आहे. त्याची घनता ०.५३४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ निम्मी आहे. त्यामुळे तो पाण्यावर तरंगतो. पाण्याशी त्याची क्रिया होऊन हायड्रोजन वायू व लिथियम हायड्रॉक्साइड तयार होते. हवेत तो लवकर काळवंडतो. सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. लिथियम मात्र रॉकेलवरही तरंगत असल्याने त्याला पेट्रोलियम जेलीचा लेप देतात. त्याची संयुगे ज्योतीला किरमिजी रंग देतात.

आढळ

निसर्गात लिथियम मुक्त स्थितीत आढळत नाही. ऑस्ट्रेलियात ते प्रामुख्याने स्पॉड्युमीन या खनिजापासून, तर चिलीतील अटाकामा येथे खाऱ्या भूजलाचे बाष्पीभवन करून मिळवतात. जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियम साठ्याचा प्राथमिक अंदाज भारत सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर केला.

उपयोग

मोबाइल, लॅपटॉप व विजेवरील वाहनांत लिथियम-आयन घट वापरतात. वापराच्या वेळी लिथियमचे आयन ऋण अग्राकडून धन अग्राकडे जातात आणि चार्जिंगच्या वेळी उलट दिशेने परततात. या घटांच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यंत्रांचे ग्रीस, उष्णता सहन करणारी काच, चिनी मातीच्या वस्तू आणि विमानांसाठीचे हलके मिश्रधातू यांतही लिथियम वापरतात. लिथियम हायड्रॉक्साइड अंतराळयानातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. द्विध्रुवीय मनोविकारावर लिथियम कार्बोनेट हे औषध देतात. त्याची उपयुक्त व विषारी मात्रा यांत फार थोडे अंतर असल्याने रक्ताची नियमित तपासणी आवश्यक असते.

दक्षता

फुगलेला किंवा इजा झालेला लिथियम-आयन घट वापरू नये, उघडू नये अथवा भोसकू नये. आतील अग्रे एकमेकांना भिडल्यास तो पेट घेऊ शकतो. निकामी घट घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावेत. रिमोट व खेळण्यांतील नाण्यासारखे चपटे घट मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. असा घट गिळल्यास तो अन्ननलिकेत अडकून अवघ्या दोन तासांत तीव्र इजा करू शकतो. म्हणून लक्षणांची वाट न पाहता मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.