खरखर की जवारी?

श्रोतेहो, आमच्या लोहारा भागात 'जवारी' म्हटले की माणसाला आधी भाकरी आठवते. ज्वारीला आम्ही जवारीच म्हणतो. पण गाण्याच्या दुनियेत आणखी एक जवारी आहे. तंबोऱ्याची तार छेडली की भुंग्याच्या गुंजनासारखा, लांबत जाणारा, भरलेला नाद निघतो. तार आणि घोडी यांच्यातल्या ज्या नाजूक स्पर्शातून तो निघतो, त्याला जवारी म्हणतात. आज मी बोलणार आहे ते या जवारीच्या इतिहासाविषयी. पण तिथपर्यंत जाण्याची माझी वाट थोडी वेगळी आहे. ती इलेक्ट्रिक गिटारवरून जाते.

अलीकडे तालुक्याच्या गावांतही गिटार आली आहे. आमच्या गल्लीतल्या एका कॉलेजच्या मुलाकडे अशी एक जुनी, विकत घेतलेली गिटार आहे. त्याने एका उन्हाळ्यात तिची सगळी जुळणी स्वतः केली. जाड तारा काढून बारीक तारा चढवल्या, बोटांना सोपे जावे म्हणून घोडी खाली घेतली. झाले! प्रत्येक स्वरामागे खरखर सुरू झाली. कविता लिहिणाऱ्या माणसाला गाण्यातलेही कळत असणार, असा गावाचा समज असतो. तो गिटार घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "चाचा, तार फडफडायलीय. काय करू?"

या तक्रारीमागचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. गिटारच्या दांडीवर धातूचे पडदे बसवलेले असतात. कंप पावणारी तार पुढच्या एखाद्या पडद्याला घासली की खरखर होते. साध्या गिटारीत आवाज लाकडी पेटीतून येतो. इलेक्ट्रिक गिटारीत ते काम तारांखालचे चुंबक आणि ध्वनिवर्धक करतात. त्यामुळे तार हलक्या हाताने छेडली तरी भागते आणि ती दांडीच्या अगदी जवळ ठेवता येते. अमेरिकेत 1930 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत रिकेनबॅकर मंडळींची 'फ्राइंग पॅन' नावाची इलेक्ट्रिक गिटार आली. 1950च्या दशकात लिओ फेंडरच्या कारखान्याने ही वाद्ये सर्वसामान्यांपर्यंत नेली. तार जितकी जवळ, तितके बोटाला सुख. पण तितकीच ती पडद्याला घासण्याची भीती. वादक आयुष्यभर या दोन टोकांच्या मध्ये जागा शोधत असतो.

खरखर कुठे होते, यावरून रोग ओळखता येतो. प्रथम ध्वनिवर्धक लावून ऐकायचे. खरखर नुसत्या कानाला येते आणि स्पीकरमधून येत नाही, तर बहुधा तिच्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते. मोकळी तार खरखरते आणि बोट ठेवल्यावर थांबते, तर दांडीच्या वरच्या टोकाला तार ज्या खाचेतून जाते ती खाच खोल झालेली असते. पहिल्या चार-पाच पडद्यांवर खरखर असेल, तर दांडी फार सरळ झाली आहे किंवा मागे झुकली आहे, असे समजावे. दांडीच्या खालच्या भागात, म्हणजे पेटीजवळच्या पडद्यांवर खरखर असेल, तर बहुधा घोडी फार खाली गेलेली असते. आणि एकाच ठिकाणी खरखर असेल, तर एखादा पडदा उचलला गेला आहे. बोट सहाव्यावर असताना आवाज बिघडला, तर गुन्हेगार बहुधा सातवा!

दांडी सरळ करण्यासाठी तिच्या पोटात लोखंडी सळई असते. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू याला या सळईचे पेटंट 1923 साली मिळाले. तारा दांडीला पुढे ओढतात, सळई तिला मागे धरते. आमच्या मुलाने बारीक तारा लावल्या म्हणजे पुढची ओढ कमी झाली. सळईची ओढ तेवढीच राहिली. त्यात मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा. लाकूड आणखी आक्रसले. दांडी मागे झुकली आणि वरून घोडीही खाली! एकावर एक अशा तीन गोष्टी झाल्या होत्या.

मी त्याला एवढेच सुचवले की, एका वेळी एकच गोष्ट बदल. आधी तारा सुरात लाव, कारण ओढ ठरल्याशिवाय दांडीचा बाक ठरत नाही. मग पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबून धर, आणि मधल्या, सातव्या-आठव्या पडद्यावर किती फट राहते ते बघ. साधारण पाव मिलिमीटर हवी. ती मोजायला त्याने मोटारसायकल गॅरेजमधून फीलर गेज आणला. मिस्त्री ज्याने टॅपेटची फट मोजतो, तेच पात्याचे हत्यार. सळई पाव फेरा सैल केली, रात्रभर थांबला, पुन्हा मोजले. मग घोडी केसभर वर घेतली. खरखर गेली.

ती जाताना ऐकली आणि मला मिरज आठवली. कारण ज्या खरखरीला हा मुलगा घराबाहेर काढत होता, तिलाच घरात आणून बसवण्यासाठी मिरजेतल्या कारागिरांच्या कित्येक पिढ्यांनी आयुष्य घातले आहे.

मिरजेतले हे कारागीर मूळचे शिकलगार. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार आणि पाणी देणे हा त्यांचा पिढीजात धंदा. 1818 साली पेशवाई संपली. पटवर्धनांचे मिरज संस्थान राहिले, पण लढाया थांबल्या आणि तलवारीचे गिऱ्हाईक आटले. हातात हुन्नर आहे, पण त्याला मागणी नाही, अशा अवस्थेत ही माणसे सापडली. त्याच काळात संस्थानिकांच्या आश्रयाने गवई-वादक मिरजेत येत होते. त्यांची वाद्ये प्रवासात बिघडत. ती दुरुस्त करणारा माणूस जवळपास नव्हता. कारागीर घराण्यांत सांगतात त्याप्रमाणे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांनी हे काम हाती घेतले. आधी दुरुस्ती आणि मग स्वतःचा तंबोरा. पुढे 'सतारमेकर' हे या घराण्यांचे आडनावच झाले.

मला या गोष्टीतली एक बाब फार मोलाची वाटते. जवारी काढण्याचे मुख्य हत्यार म्हणजे कानस. तलवारीच्या पात्यावर केसभर कमी-जास्त ओळखणारा हातच घोडीच्या पाठीवर केसभर कमी-जास्त ओळखू शकला. या माणसांनी शस्त्र सोडले, पण हाताची जाण सोडली नाही.

तंबोऱ्याची घोडी गिटारच्या घोडीसारखी धारदार नसते. ती पाटासारखी रुंद असते आणि तिच्या पाठीला अतिशय मंद उतार असतो. कंप पावणारी तार या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. म्हणजे गिटारमध्ये जो अपघात होतो, तो इथे ठरवून घडवलेला असतो. त्यातही तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतात. तो नखाने किंचित पुढे-मागे केला की एका जागी नाद एकदम उमलतो. धागा त्या जागेच्या अलीकडे असो की पलीकडे, आवाज मुका होतो. वर्षानुवर्षे तार घासून घोडीवर चर पडतात आणि जवारी 'बसते'. मग पुन्हा कानस, पुन्हा घासणे, पुन्हा ऐकणे. सतारीतही खुली जवारी आणि बंद जवारी असे भेद आहेत. रविशंकरांची सतार खुल्या जवारीची, तर विलायत खाँसाहेबांची बंद जवारीची. वादकाचा स्वभाव असा घोडीच्या उतारात उतरलेला असतो.

मिरजेला गाण्याचे तीर्थ केले ते उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी. 1872 साली उत्तरेतल्या किराणा गावी जन्मलेला हा गायक मिरजेत स्थायिक झाला. 1937 साली दक्षिणेच्या दौऱ्यात प्रवासातच त्यांचे निधन झाले आणि मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन करण्यात आले. तिथे उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. किराणा घराण्याचे सगळे गाणे स्वराच्या सूक्ष्म सच्चेपणावर उभे आहे. तो सच्चेपणा पारखायला तंबोरा बोलता हवा. षड्जाची तार नीट जुळली आणि जवारी खुली असली, तर कुणीही न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. जवारी मुकी असेल तर तो ऐकू येणे कठीण. म्हणून मिरजेत गवई आणि कारागीर एकमेकांच्या आधाराने वाढले.

विज्ञानाचे लक्षही या नादाकडे गेले. नोबेल मिळण्याच्या नऊ वर्षे आधी, 1921 साली, कलकत्त्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. साध्या तारेचा नियम असा की, तार ज्या बिंदूवर छेडाल, तिथे ज्या उपस्वराचा स्थिरबिंदू असेल, तो उपस्वर उमटत नाही. तंबोऱ्याची तार हा नियम जुमानत नाही, तिच्यातून ते उपस्वरही निघतात, आणि याचे कारण ती रुंद घोडी व तो धागा आहे, हे रामन यांनी दाखवले. जे आमच्या शिकलगारांच्या बोटांना ठाऊक होते, त्याला शास्त्राची भाषा मिळाली.

आणि पाहा, गिटारवाल्यांनाही पुढे खरखरीची ओढ लागलीच. 1961 साली अमेरिकेत बाजारात आलेल्या, नॅशव्हिल शहरात मुद्रित झालेल्या एका गाण्यात यंत्राच्या बिघाडामुळे गिटारचा आवाज फाटून उमटला होता. तो लोकांना इतका आवडला की, पुढच्याच वर्षी तसा आवाज मुद्दाम काढणारी 'फझ' नावाची पेटी बाजारात आली. ती विजेची खरखर. तारेच्या खरखरीची पाळी नंतर आली. 1965 साली बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने एका गाण्यात सतार वाजवली आणि पश्चिमेला त्या नादाचे वेड लागले. 1967 साली तिथल्या कारखान्याने 'कोरल' नावाची इलेक्ट्रिक सतार काढली. खरे तर ती गिटारच. तिची घोडी रुंद आणि सपाट ठेवली होती, तार घासावी म्हणून! जो दोष काढायला वादक पैसे मोजत होते, तोच दोष घालून वाद्य विकले गेले. पण गिटारची घोडी सपाट करून तंबोऱ्याचा नाद येत नाही. दोष आणि गुण यांच्यातले अंतर त्या उताराच्या केसभर घासण्यात असते.

श्रोतेहो, माझ्या मनातली काळजी इथेच आहे. आमच्या गल्लीतल्या मुलाला गिटार दुरुस्त करता आली, कारण ते ज्ञान लिहिलेले आहे, मोजलेले आहे, मिलिमीटरमध्ये सांगता येते. जवारीचे तसे नाही. घोडीचा उतार किती अंशाचा, याचे पुस्तक कारागिराजवळ नसते. तो घासतो, ऐकतो, पुन्हा घासतो. हे शिकायला मुलाला बापाशेजारी वर्षानुवर्षे बसावे लागते, आणि तेवढी वर्षे घालूनही पोट भरेल याची हमी नसते. 1970च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला. आता तर तो मोबाईलमध्येच आहे. तो बेसूर होत नाही, त्याची जवारी बसत नाही, त्याला धागा लागत नाही. रियाजाला ती सोयच आहे, मी तिला नावे ठेवत नाही. पण खऱ्या तंबोऱ्याचे गिऱ्हाईक त्यामुळे कमी होते, आणि गिऱ्हाईक कमी झाले की शिकाऊ मुलगा कमी होतो.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाचे रक्षण झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. आता रक्षण हवे ते हाताचे. या वाद्यांचा भोपळा येतो आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूरच्या बाजूच्या मळ्यांतून. त्याला आकार देतो मिरजेचा मुसलमान कारागीर. आणि त्याच्याकडची वीणा गळ्यात घालून वारकरी पुन्हा पंढरीच्या वाटेला लागतो. एवढा मोठा फेरा ज्या हातांवर फिरतो, ते हात मोजकेच आहेत.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी तलवार थांबली तेव्हा शिकलगारांना तंबोरा सापडला. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना आज काय सापडेल, हे बरेचसे आपल्या हातात आहे. आपल्या शाळेत, मंदिरात, भजनी मंडळात एखादा जुना तंबोरा किंवा वीणा मुकी होऊन पडली असेल, तर ती फेकू नका. तिची जवारी बसली असेल, इतकेच. ती कारागिराकडे न्या, काम चालू असताना शेजारी बसा, आणि जमले तर घरातल्या एखाद्या मुलालाही सोबत न्या. कानस फिरते, तार छेडली जाते, पुन्हा कानस फिरते. आणि मग मुकी तार एकाएकी बोलू लागते, तो क्षण त्या मुलाने एकदा तरी ऐकावा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)