विहीर आधी इशारा देते

१० जानेवारी १९०१ रोजी अमेरिकेत टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथे जमिनीतून तेलाचा प्रचंड फवारा उसळला. नऊ दिवस तो कुणाला आवरता आला नाही. रोज अंदाजे एक लाख पिंप तेल वाहून जात होते. तरीही लोकांनी त्याला अपघात म्हटले नाही, नशीब म्हटले!

खरे तर खडकात कोंडलेल्या तेलाचा आणि वायूचा दाब जीवघेणा असतो. म्हणून विहीर खोदताना तिच्यात चिखलासारखा जड द्रव भरतात. त्याला 'मड' म्हणतात. हे वजन म्हणजे पहिला बांध. वजन कमी पडले की वायू आत शिरतो, आणि जेवढा मड खाली सोडला त्याहून जास्त वर येऊ लागतो. ही 'किक', म्हणजेच विहिरीने दिलेला इशारा. त्याच वेळी विहीर बंद करून अधिक जड मड सोडला तर संकट टळते. दुर्लक्ष केले तर ब्लोआऊट!

१९२२ मध्ये ह्यूस्टनच्या जेम्स अ‍ॅबरक्रॉम्बी आणि हॅरी कॅमरन यांनी विहिरीच्या तोंडावर बसवायचे यंत्र तयार केले. त्यात दोन पोलादी ठोकळे दोन्ही बाजूंनी पाइपाला आवळतात आणि वाट बंद करतात. हाच ब्लोआऊट प्रिव्हेंटर. पुढे विहिरी समुद्रात गेल्या, तेव्हा हे यंत्रही समुद्राच्या तळाशी जाऊन बसले.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर हॉरायझन' रिगवर विहिरीची दाबचाचणी झाली. ड्रिल पाइपवर १४०० पीएसआय दाब दिसत होता. तो शून्य असायला हवा होता. पण त्याचे दुसरेच कारण मानले गेले आणि जड मड काढून हलके समुद्राचे पाणी भरणे सुरू राहिले. रात्री स्फोट झाला. ११ कामगार गेले. तळाशी कॅमरनचेच नाव लावणाऱ्या कंपनीचा प्रिव्हेंटर होता, पण आतला पाइप वाकल्यामुळे त्याला विहीर बंद करता आली नाही. तेल ८७ दिवस वाहिले. त्या दिवशी साहेब मंडळी रिगवर आली होती, सात वर्षांच्या अपघातमुक्त कामाचे कौतुक करायला!

हा विषय आपल्यापासून दूर नाही. १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने बॉम्बे हायमध्ये तेल शोधले, ते आपण अभिमानाने सांगतो. तिथेच १९८२ मध्ये 'सागर विकास' रिगवर ब्लोआऊट झाला, ते सहसा सांगत नाही. कोकणातल्या कितीतरी घरांची चूल आखातातल्या नोकरीवर पेटते. त्यातली काही मुले तेलाच्या रिगवर असतात.

आज धोका दिसताच कुठल्याही कामगाराने काम थांबवावे, असा नियम अनेक कंपन्या करतात. नियम चांगलाच आहे. पण ज्याचा व्हिसा मालकाच्या हातात आणि घरी बहिणीचे लग्न ठरलेले, तो मुलगा साहेबाला 'थांबा' म्हणेल का? माझ्या मते रिगच्या सुरक्षिततेची पहिली चाचणी इथेच होते. प्रिव्हेंटरची पाळी त्यानंतर येते.