फिजिशियन असिस्टंट-पूर्व पदवी : मुख्य विषयाची निवड

फिजिशियन असिस्टंट-पूर्व पदवी : अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट (यापुढे पीए) होण्याचा व्यावसायिक अभ्यासक्रम आता पदव्युत्तर आहे. त्याआधी साधारणतः चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. ती कोणत्या मुख्य विषयात, म्हणजे तिकडच्या बोलीत कोणत्या ‘मेजर’मध्ये, घ्यावी याचा विचार या नोंदीत केला आहे. पीए हा परवानाधारक व्यावसायिक डॉक्टरांच्या जोडीने काम करतो. रुग्ण तपासणे, निदान करणे, औषधे लिहून देणे आणि शस्त्रक्रियेत साहाय्य करणे ही त्याची मुख्य कामे होत. व्यवसायाच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये ‘फिजिशियन असोसिएट’ हे नाव स्वीकारले; बहुतेक राज्यांच्या कायद्यांत मात्र जुनेच नाव चालू आहे.

इतिहास : या व्यवसायाच्या मुळाशी पदवी नव्हती, अनुभव होता. नॉर्थ कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठात यूजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये पहिला वर्ग भरवला. त्यात नौदलाच्या वैद्यकीय सेवेतून बाहेर पडलेले चार कोअरमन होते. तिघे १९६७ मध्ये उत्तीर्ण झाले. जहाजावर आणि छावणीत जखमी माणसे सांभाळलेल्या या तरुणांना नागरी रुग्णालयात त्या कौशल्याच्या तोडीचे काम मिळत नव्हते. स्टेड यांनी त्याआधी थेल्मा इंगल्स या परिचारिका-अध्यापिकेबरोबर परिचारिकांना प्रगत चिकित्सा शिकवण्याचा प्रयोग केला होता, पण नॅशनल लीग फॉर नर्सिंगने त्याला मान्यता दिली नाही. त्याच राज्यातील गार्लंड गावच्या डॉ. एमॉस जॉन्सन यांनी आपला साहाय्यक बडी ट्रेडवेल याला दवाखान्यातच हाताखाली तयार केले होते. तेही उदाहरण स्टेड यांच्यासमोर होते. रिचर्ड स्मिथ यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात १९६९ मध्ये सुरू केलेला ‘मेडेक्स’ हा उपक्रमही सैन्यातून परतलेल्या अशाच अनुभवी मंडळींवर उभा राहिला.

वेगळी वाट काढली ती वेस्ट व्हर्जिनियातील फिलिपी येथील ऑल्डरसन-ब्रॉडस कॉलेजने. तेथे ह्यू मायर्स यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये पीएचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. म्हणजे त्या कॉलेजात पीए हाच मुख्य विषय होता. पुढील काही दशके प्रमाणपत्र, दोन वर्षांची पदवी, चार वर्षांची पदवी आणि पदव्युत्तर पदवी असे सर्व प्रकार शेजारी शेजारी नांदले. एआरसी-पीए या अधिस्वीकृती मंडळाच्या नियमांनुसार २०२० नंतर प्रवेश घेणाऱ्या वर्गांना पदव्युत्तर पदवी देणे बंधनकारक झाले. मुख्य विषय कोणता घ्यावा, हा आजचा प्रश्न या स्थित्यंतरातून आला आहे. पदवी न घेतलेल्या पण रुग्णसेवेत मुरलेल्या माणसांची वाट त्यामुळे अरुंद झाली, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. व्यवसायाची प्रतिष्ठा आणि वेतन वाढले, असे म्हणणाराही मोठा वर्ग आहे.

विषयाची अट : बहुतेक पीए संस्था कोणत्याही मुख्य विषयाची पदवी चालते, असे सांगतात. ‘प्री-पीए’ म्हणून जे ओळखले जाते ते बहुतेक विद्यापीठांत मुख्य विषय नसून मार्गदर्शनाचा एक आखीव मार्ग असतो. इतिहास, संगीत किंवा स्पॅनिश घेतलेले विद्यार्थी पीए झाले आहेत. तरीही हे विधान अर्धेच खरे आहे. संस्था विषयाचे नाव पाहत नाहीत, पण ठरावीक अभ्यासक्रम झालेले आहेत की नाहीत ते काटेकोरपणे पाहतात. प्रयोगशाळेसह शरीररचनाशास्त्र व शरीरक्रियाविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र वा जीवरसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र हा गाभा बहुतेक ठिकाणी आढळतो. आनुवंशिकी व वैद्यकीय परिभाषा काही ठिकाणी लागतात. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याचे यांतील बरेचसे काम पदवीतच उरकते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते पदवीबाहेर, स्वतंत्र शुल्क भरून आणि बहुधा एखादे वर्ष वाढवून करावे लागते. विषयनिवडीचा खरा फरक येथे पडतो.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या तयारीशी ही यादी पूर्ण जुळत नाही. तेथे भौतिकशास्त्र व सेंद्रिय रसायनशास्त्राचे पूर्ण वर्ष सहसा अपेक्षित असते. पीएसाठी भौतिकशास्त्र क्वचितच मागतात, पण मानवी शरीररचनाशास्त्र हटकून मागतात. एमडीचा बेत सोडून पीएकडे वळणाऱ्यांना तिसऱ्या वर्षी हे उमगते, तोवर शरीररचनेच्या वर्गातील जागा भरलेल्या असतात. आणखी एक खाच अशी की, विज्ञानेतर विद्यार्थ्यांसाठी सोपे करून शिकवलेले रसायनशास्त्र पुष्कळ संस्था मान्य करत नाहीत. परिचर्येच्या पदवीतील रसायनशास्त्रही कित्येकदा याच कारणाने अपुरे ठरते. काही संस्था पाच, सात किंवा दहा वर्षांहून जुने अभ्यासक्रम गृहीत धरत नाहीत.

गुणांचा हिशोब : विद्यार्थी सर्वांत जास्त फसतात ते येथे, म्हणून थोडा विस्तार. बहुसंख्य संस्थांचे अर्ज ‘कॅस्पा’ या केंद्रीय सेवेमार्फत जातात. ती २००१ मध्ये सुरू झाली. विद्यापीठाने गुणपत्रिकेवर छापलेली सरासरी, म्हणजे जीपीए, कॅस्पा जशीच्या तशी घेत नाही. विद्यार्थी ज्या ज्या महाविद्यालयांत शिकला तेथील सर्व गुण एकत्र करून ती नव्याने आकडेमोड करते आणि एकूण सरासरीबरोबरच विज्ञानाची वेगळी सरासरी काढते. कित्येक विद्यापीठांत विषय पुन्हा घेतल्यास जुना गुण पुसला जातो. कॅस्पाकडे दोन्ही प्रयत्न मोजले जातात. चार क्रेडिटच्या रसायनशास्त्रात पहिल्यांदा ‘सी’ (२.०) आणि पुन्हा बसल्यावर ‘ए’ (४.०) मिळाला, तर विद्यापीठाच्या कागदावर ४.० दिसेल, कॅस्पाच्या कागदावर आठ क्रेडिटवर ३.०. किमान ३.० ही मर्यादा अनेक संस्थांत असते. प्रत्यक्ष प्रवेश मिळालेल्यांची सरासरी तिच्या बरीच वर जाते. पहिली ६० क्रेडिट २.८ ने आणि पुढची ६० क्रेडिट ३.६ ने पूर्ण करणारा विद्यार्थी ३.२ वर थांबतो. त्याने घेतलेली उभारी अर्जातून वाचणाऱ्याला दिसते, पण संगणकाच्या पहिल्या चाळणीत ती दिसेलच असे नाही.

संख्याशास्त्र व मानसशास्त्र सक्तीचे असले, तरी कॅस्पाच्या विज्ञान-सरासरीत त्यांची भर पडत नाही. मानसशास्त्र मुख्य विषय घेणाऱ्याची विज्ञान-सरासरी त्यामुळे मोजक्याच अभ्यासक्रमांवर उभी असते आणि एखादा वाईट गुण तिला जोरात खाली ओढतो. उलट, आवड नसताना केवळ ‘वजनदार’ म्हणून जीवरसायनशास्त्र घेणाऱ्याला अवघड विषयाबद्दल वेगळे गुण कोणी देत नाही. ज्या विषयात मन रमते आणि म्हणून गुण चांगले येतात, तो विषय अवघड नावाच्या विषयापेक्षा उजवा. लेखकाचा हा ठाम अभिप्राय आहे.

रुग्णसेवेचे तास : अर्जात प्रत्यक्ष रुग्णसेवा आणि आरोग्यक्षेत्रातील इतर काम असे दोन रकाने स्वतंत्र असतात. रुग्णवाहिकेवरील आपत्कालीन तंत्रज्ञ (ईएमटी), नर्सिंग असिस्टंट, मेडिकल असिस्टंट, रक्त काढणारा फ्लेबॉटमिस्ट ही कामे पहिल्या रकान्यात बसतात. डॉक्टरांची टिपणे लिहिणाऱ्या स्क्राइबचे काम कोठे बसवावे याबाबत संस्थांत एकवाक्यता नाही. पदवीचा भाग म्हणून केलेले क्लिनिकलचे तास बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. परिचर्येच्या विद्यार्थ्यांना हे अन्यायाचे वाटते आणि ते समजण्यासारखे आहे. अपेक्षा संस्थेगणिक बदलते: कोठे काहीच अट नाही, कोठे ५००, कोठे १,००० वा २,००० तास. आठवड्याला १२ तासांची एक पाळी धरली, तर ४० आठवड्यांत ४८० तास होतात, दोन वर्षांत ९६०. मुख्य विषय निवडताना त्याच्या प्रयोगशाळांचे वेळापत्रक या पाळीला जागा ठेवते का, हे विचारणे विषयाच्या नावापेक्षा महत्त्वाचे आहे. पहिल्या वर्गातले ते चार कोअरमन याच रकान्यात भरभक्कम होते.

नेहमीचे विषय : जीवशास्त्र सर्वांत जास्त घेतले जाते. व्यायामशास्त्र (किनेसिऑलॉजी) शरीररचनेच्या दृष्टीने सोयीचे, मात्र त्यात रसायनशास्त्र कमी पडू शकते. आरोग्यविज्ञान या नावाखाली प्रत्येक विद्यापीठ वेगळे काही शिकवते, त्यामुळे अभ्यासक्रम पाहिल्याशिवाय त्याविषयी मत देता येत नाही. श्वसनोपचार (रेस्पिरेटरी थेरपी) हा दुर्लक्षित पण चांगला पर्याय आहे. परवाना मिळतो, पगारी रुग्णसेवेचे तास जमतात आणि पीएला प्रवेश मिळाला नाही तरी हातात व्यवसाय राहतो.

थेट प्रवेश : बारावीनंतरच पीएची जागा राखून ठेवणाऱ्या पाच वर्षांच्या जोड-योजना काही ठिकाणी आहेत, पेनसिल्व्हेनियातील गॅनन विद्यापीठ व किंग्ज कॉलेज ही उदाहरणे. तेथे विषयनिवडीचा प्रश्न उरत नाही.

प्रवेशपरीक्षा : काही संस्था जीआरई किंवा पीए-कॅट मागतात.

भारतीय संदर्भ : भारतात हे शिक्षण १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये, हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने सुरू झाले. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसंबंधीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात या व्यवसायाचा समावेश आहे. बारावीनंतर थेट बी.एस्सी. करण्याची येथील पद्धत ऑल्डरसन-ब्रॉडसच्या वाटेशी जवळची आहे. महाराष्ट्रात दहावीनंतर शाखा ठरते आणि ‘पीसीबी’ न घेतलेल्याला वैद्यकाचे दार बंद होते. त्या सवयीने विचार करणाऱ्या, अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी पालकांना मुलीने दुसऱ्या वर्षाअखेरीस मुख्य विषय जाहीर करणे, तोही कदाचित मानववंशशास्त्र, हे धोक्याचे वाटते. गाभ्यातील अभ्यासक्रम वेळेत घेतले असतील, तर तो धोका नसतो. महाराष्ट्रातून शिकून गेलेल्यांची अडचण निराळी आहे. तीन वर्षांची बी.एस्सी. चार वर्षांच्या पदवीशी समतुल्य मानली जाईलच असे नाही, आणि अनेक संस्था पूर्वअटींचे अभ्यासक्रम अमेरिकी महाविद्यालयातच केलेले मागतात. भारतातील पीए पदवीवर किंवा एमबीबीएसवर तेथे पीए म्हणून काम करता येत नाही. एआरसी-पीएची अधिस्वीकृती असलेला अभ्यासक्रम पूर्ण करून राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा द्यावीच लागते.