केरेनची रात्र : मराठा पलटणीने नेमके काय जिंकले?

१/ 'मराठ्यांनी आफ्रिकेतला किल्ला जिंकला' ही कथा आपण अनेकदा ऐकतो. तिच्यामागची लढाई खरी आहे. मात्र तिचा तपशील या कथेहून अधिक मोलाचा आहे.

२/ इरिट्रिया १८९० पासून इटलीची वसाहत होती. १९४१ च्या आरंभी ब्रिटिश-भारतीय सैन्य सुदानमधून तेथे शिरले. राजधानी अस्माराकडे जाणारा रस्ता आणि लोहमार्ग केरेन गावाजवळच्या डोंगोलास खिंडीतून जात होता. इटालियनांनी सुरुंग लावून खिंडीतला रस्ता बुजवला आणि दोन्ही बाजूंच्या शिखरांवर मोर्चे बांधले.

३/ फेब्रुवारीतले हल्ले फसले. उघड्या खडकाळ चढावर पाणी आणि दारूगोळा वाहून नेणे हीच एक स्वतंत्र लढाई होती. त्यात माथ्यावरून तोफा आणि बॉम्बचा मारा सुरू असे.

४/ १५ मार्चला नवा हल्ला झाला. खिंडीवर नजर ठेवणारा डोलोगोरोडॉक किल्ला हे उजव्या बाजूचे लक्ष्य होते. दिवसा पुढे गेलेली स्कॉटिश पलटण उन्हात आणि गोळीबारात अडकून पडली. किल्ल्याच्या वाटेवर 'पिंपल' आणि 'पिनॅकल' नावाच्या दोन टेकड्या होत्या. त्या घेतल्याविना किल्ला हाती येणे शक्य नव्हते.

५/ रात्री लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड यांची ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्री आणि सोबतीला ३/१२ फ्रंटियर फोर्स रेजिमेंट चढाईस निघाली. अंधारात हातघाईची झुंज होऊन दोन्ही टेकड्या पडल्या. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही रणघोषणा रेजिमेंटच्या परंपरेत याच लढाईशी जोडली जाते.

६/ १६ मार्चच्या पहाटे किल्ल्यात प्रथम शिरली ती वेस्ट यॉर्कशायर पलटण. म्हणजे किल्ला मराठ्यांनी घेतला असे म्हणणे काटेकोर नाही, पण किल्ल्याची वाट त्यांनी उघडली हे निर्विवाद आहे.

७/ किल्ल्यावरून खिंड नजरेच्या टप्प्यात आली. इटालियनांचे प्रतिहल्ले परतवले गेले, अभियंता दलाने रस्ता मोकळा केला आणि २७ मार्चला केरेन पडले. १ एप्रिलला अस्मारा आणि ८ एप्रिलला मसावा बंदर हाती आले. ११ एप्रिलला रूझवेल्ट यांनी तांबडा समुद्र युद्धक्षेत्रातून वगळला आणि अमेरिकी जहाजांना सुएझपर्यंतची वाट खुली झाली.

८/ इटलीच्या बाजूने लढणाऱ्यांत इरिट्रियाचे 'अस्कारी' सैनिकही होते. एका साम्राज्याची प्रजा दुसऱ्या साम्राज्याच्या प्रजेशी लढत होती. विजय लंडनचा ठरला. भारताला स्वातंत्र्य मिळण्यास अजून सहा वर्षे होती, इरिट्रियाला तर १९९३ पर्यंत थांबावे लागले.

९/ केरेनमध्ये दहन झालेल्या हिंदू आणि शीख जवानांचे स्मारक आजही तेथे उभे आहे. या जवानांचे शौर्य मोठे करून सांगण्याची गरज नाही, ते जसे घडले तसे सांगितले तरी पुरेसे आहे.